इमारत धोकादायक ठरल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

आमच्या वसाहतीच्या फाटकावर एके सकाळी भलाथोरला फलक लागला: 'इमारत धोकादायक ठरल्याबद्दल सर्व रहिवाशांचे हार्दिक अभिनंदन!' सेऊलमध्ये याहून मंगल वार्ता नाही. जुनं पडणार, तिथे टॉवर उठणार, फ्लॅटचा भाव दुप्पट होणार.

माझ्या वरच्या मजल्यावर प्यो ग्वांग-सिक राहतो. तरुणपणी लष्करशाहीविरुद्ध घोषणा देऊन तो तुरुंगात गेला. सुटल्यावर इंग्रजीच्या शिकवण्या घेऊन फ्लॅट घेतला. त्याच्या न्हाणीघराचं पाणी माझ्या छतातून गळायचं. फलक लागण्याआधी तक्रार केली तेव्हा म्हणाला, "दादा, कळ काढा. तपासणीवाल्यांना ओल दिसायला हवी."

मत मात्र त्यानं जन्मभर पुरोगामी पक्षालाच दिलं. यंदा महापौरपदाला उभ्या राहिलेल्या त्या पक्षाच्या उमेदवारानं, म्हणजे मतपत्रिकेवरच्या एक नंबरनं, जाहीर केलं: टॉवरच्या नफ्यातला मोठा वाटा गरिबांच्या घरांसाठी घेणार. दोन नंबर म्हणाला, एक पैसा घेणार नाही. ग्वांग-सिकची पंचाईत झाली. गरिबांच्या वाट्यावर तो चाळीस वर्षं भाषणं देत आला होता. हा वाटा आपल्या फ्लॅटमधून निघेल, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"तत्त्व म्हणून काही असतं की नाही?" तो बायकोला म्हणाला.

"असतं की," ओक-बुन वहिनी म्हणाल्या. "दोन खोल्यांत मावत नाही एवढंच. चार होऊ द्या, ऐसपैस ठेवू त्याला."

शाळेत मतदानाला आम्ही बरोबरच गेलो. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कुणाला दिलंस?"

"पुढच्या पिढीला."

त्याला मुलगा एकच. फ्लॅट त्याच्याच नावावर व्हायचा आहे.

तेवढ्यात त्याचा फोन वाजू लागला. आमच्याकडे मतदानाचा शिक्का हातावर उमटवून फोटो पाठवायची रीत आहे, आणि बोटं दाखवली की नंबर कळतो. तुरुंगातल्या जुन्या साथींना एक बोट हवं होतं, वसाहतीच्या कमिटीला दोन. एक दाखवावं तर शेजारी वाळीत टाकणार. दोन दाखवावीत तर साथी तोंड बघणार नाहीत.

"दादा, आता काय करू?"

"दोघांना वेगवेगळा पाठव."

"अहो, कमिटीच्या अध्यक्षीणबाई माझ्या साथीची सख्खी बहीण आहेत!"

शाळेच्या फाटकाशी तो बराच वेळ घुटमळला. मग त्यानं मूठ आवळली, शिक्का पुढे करून हात उंच धरला आणि मला फोटो काढायला लावला. तोच दोन्हीकडे गेला.

साथींनी लिहिलं, "डोळे भरून आले!" अध्यक्षीणबाईंनी लिहिलं, "जिद्द असावी तर अशी!"

दोन नंबर निवडून आला. दुसऱ्या दिवशी साथींबरोबर गुत्त्यात सोजू पिताना ग्वांग-सिक गरिबांसाठी अगदी मनापासून रडला, आणि बिल काही कुणाला देऊ दिलं नाही.