वरात अजून पोचली नाय

विठ्ठलवाडीच्या स्टुडिओत मी पहिल्यांदाच एकट्याने रेकॉर्डिंगला बसलेलो. नववीत शाळा सोडून चंद्रपूरहून आलेल्या मला मालक म्हणालेले, "आज लूप जुळला नाही, तर उद्यापासून येऊ नको."

लूप म्हणजे ढोलकीचा छोटा तुकडा. तो पुन्हापुन्हा वाजला तरी सांधा कळता कामा नये. वाजवायला आलेले आगरी काका हळदी-वरातींत मुरलेले. त्यांनी हेडफोन एकाच कानाला लावला, ढोलकीवरून अंगठा फिरवला आणि सुरू झाले. पण दर आवर्तनाला हात उंच उडवून असा झोकात शेवट करायचे, की तुकडा जोडताना ठेच लागायचीच.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. "काका, शेवट नका ना करू. हा तुकडा गाण्यात फिरतच राहतो, संपत नाही."

"अरं बाला, मंग आधी सांग ना, वरात अजून दारात पोचली नाय!"

मग ते डोळे मिटून एका चालीत वाजवत राहिले. त्यातला मधलाच तुकडा मी कापून लावला. तो फिरत राहिला आणि मालकांनाही सांधा सापडला नाही.

काकांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांची वरात आज कितीतरी गाण्यांत चालू आहे, आणि मीही अजून त्याच खुर्चीत आहे.