रामकुंडावरच्या भेटी

कॉलेजात आम्ही तिघे वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहायचो. पदवीनंतर एक भुसावळला रेल्वेत लागला, दुसरा येवल्याला मास्तर झाला आणि मी नाशकातच कारकुनी धरली. दर दिवाळीला भेटायचं ठरलं होतं. पुढे कित्येक वर्षं एकदाही भेटलो नाही.

एकोणीसशे सत्तरनंतर कधीतरी भुसावळकराचे वडील गेले. त्यांच्या अस्थी घेऊन तो रामकुंडावर आला, तेव्हा मुक्काम साहजिकच माझ्याकडे, द्वारका चौकाजवळच्या दोन खोल्यांत. मी येवल्याला निरोप धाडला, तर तोही एसटी पकडून आला. विधी आटोपले आणि भुसावळकराच्या तुळतुळीत डोक्याकडे बघून आम्हा दोघांना हसू आवरेना. शेवटी तोही हसला. मग मिसळ खाल्ली आणि वसतिगृहातल्या आचाऱ्याच्या नकला करत दुपार घालवली. वडील पिकलं पान होते, त्यामुळे कुणाला गैर वाटलं नाही.

पुढे तीच रीत पडली. त्याची आई गेली, येवलेकराचे वडील गेले, माझी आई गेली. दर वेळी आम्ही जमलो. बाकीच्या वर्गमित्रांच्या बातम्याही तेव्हाच कळायच्या. कुणाला अर्धांग झालेलं, कुणी दारूपायी नोकरी घालवलेली. येवलेकराची बायको गेली त्या दिवशी मात्र मिसळ कुणालाच संपवता आली नाही.

ऐंशी साल उलटल्यावर भुसावळहून तार आली, उद्या येतोय. कोण गेलं ते लिहिलं नव्हतं. मी लगेच येवल्याला कळवलं. आईवडील तर केव्हाच गेलेले, म्हणून आम्ही त्याच्या बायकोचंच धरून चाललो. नाशिकरोडला तो गाडीतून एकटाच उतरला, कापडी पिशवी छातीशी धरून. मी चाचरत वहिनींचं विचारलं. त्या घरी आहेत, कुणाशी बोलत नाहीत, एवढंच म्हणाला. रिक्षात बसल्यावर सांगितलं, मुलगा गेला. एकुलता एक, नुकता नोकरीला लागलेला. ट्रकने स्कूटरला उडवलं होतं.

येवलेकर कुंडावर वाट बघत होता. त्याला मी बाजूला घेऊन सांगितलं. गुरुजींनी गोत्र विचारलं, मग नातं विचारलं.

"मुलगा," भुसावळकर म्हणाला.

गुरुजींना वाटलं, हा आपलंच नातं सांगतोय. पांढऱ्या केसांचा माणूस, दुसरं काय वाटणार? त्यांनी विचारलं, "वडील की आई?"

मला पुढे होऊन सांगायला हवं होतं, पण मी जागचा हललो नाही. शेवटी तोच म्हणाला, "मी मुलगा नाही, गुरुजी. गेला तो माझा मुलगा."

अस्थी सोडून झाल्यावर आम्ही पायरीवर बसून राहिलो. जेवायचं मी विचारलंच नाही. उठताना तो आमच्याकडे न बघता म्हणाला, "यापुढे मला बोलावू नका. तुमची मुलं आहेत. मला तुमच्याकडे बघवत नाही."

आम्ही बोलावलं नाही. माझे वडील गेले तेव्हा फक्त येवलेकर आला आणि विधी होताच परतीच्या गाडीला लागला.

दोन-तीन वर्षांनी नाशिकरोडला भुसावळचा एक ओळखीचा माणूस भेटला. बोलता बोलता कळलं, आमचा मित्र मागच्या उन्हाळ्यातच वारला. अस्थी तापीतच सोडल्या. नाशकात कुणाला कळवायचं हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

ते सांगायला मी येवल्याला गेलो. मित्र ओट्यावर बसला होता, शेजारच्या घरात माग खटखटत होता. मी सगळं सांगितलं.

"सुटला," तो म्हणाला.

मला अजून काहीतरी हवं होतं त्याच्याकडून. काय, ते मलाही सांगता आलं नसतं. सुनेने चहा आणला, तो आम्ही प्यायलो. त्याने मला राहा म्हटलं नाही आणि मीही थांबलो नाही. त्यानंतर आम्ही भेटलेलो नाही.