नऊ नंबरच्या टाकीचा समास

समासबाई पहिल्यांदा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा त्यांच्या धाकाने अख्खी इमारत दोन इंच डावीकडे सरकली, असं तिथला केमिस्ट आजही छातीवर हात ठेवून सांगतो. खुर्च्या भिंतीपासून लांब झाल्या, परीक्षानळ्या एकमेकींपासून अंतर राखून उभ्या राहिल्या आणि त्याने स्वतः, का ते त्यालाही कळलं नाही, शर्ट खोचला. प्रत्यक्षात बाईंनी फक्त त्याच्या टेबलावरचा कागद उचलला होता. "अहो, इतकं काठाला चिकटून कुणी लिहितं का? समास कुठाय?"

बाईंनी एकोणीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापखाना बंद पडल्यावर, पन्नाशीला टेकलेल्या बाई लेकीकडून संगणकाची भाषा शिकल्या. "आई, चुकलं की तो लाल अक्षरांत सांगतो," असं लेक म्हणाली आणि बाईंना माहेरी आल्यासारखं वाटलं.

इथे काम होतं बारा टाक्यांच्या आलेखांचं. दर आठवड्याला पाणी किती गढूळ होतं, हे दाखवणारे बारा आलेख एकाच पानावर छापून पाणी समितीपुढे जात. ते काढायला एक लायब्ररी होती, म्हणजे आयत्या आज्ञांचा गठ्ठा. आधीच्या माणसाने तिला सांगून ठेवलं होतं, की चौकटीच्या आत समास शून्य. त्यामुळे रेघ चौकटीला घासतच सुरू व्हायची आणि घासतच संपायची.

त्या महिन्यात नऊ नंबरच्या टाकीचं पाणी झपाट्याने बिघडलं. शेवटचा आकडा सगळ्यांत मोठा, म्हणून त्याचा ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्यात गेला आणि पाऊण कापला गेला.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी पान बघितलं. "कोपऱ्यात शाई सांडलीय."

"साहेब, शाई नाही, पाणी आहे!" केमिस्ट कळवळला. टाकी बंद करा म्हणून त्याने दोन पत्रं लिहिली होती. तीनशे घरं ते पाणी पीत होती, आणि समिती तर फक्त चित्रं बघायची. बैठक चार वाजता होती.

बाईंनी सगळ्या आलेखांना ऐसपैस समास दिला. ठिपका मोकळा झाला खरा, पण ज्या टाक्यांचं पाणी नितळ होतं, त्यांचे अक्ष शून्याखाली उतरले.

"उणे गढूळपणा?" साहेब ओरडले. "म्हणजे हे पाणी पाण्यापेक्षाही स्वच्छ? बाई, मंजूर नमुना आहे हा! बाकीच्या अकरा आलेखांना हात लावायचा नाही!"

"अकरांना नाही ना? बरं."

"एकट्या आलेखाला वेगळा समास देता येतो?" केमिस्टने हळूच विचारलं.

"का नाही? कवितेच्या पानाला आम्ही वेगळा समास द्यायचो. त्यासाठी अख्खं पुस्तक हलवत नव्हतो."

बाईंनी नववा आलेख म्हणून एक ओळ लिहिली. समास फुगला तो दहाव्याचा! "हा संगणक मेला शून्यापासून मोजतो," म्हणत बाईंनी नऊचे आठ केले. आणि नऊ नंबरच्या टाकीची रेघ चौकटीपासून सुटली, चढत चढत गेली आणि टोकाला तो ठिपका पूर्णच्या पूर्ण, गोल गरगरीत, आभाळात एकटा उभा राहिला.

केमिस्टने टाळीच वाजवली. "बाई, हा तर राजा दिसतोय!"

"राजा कसला, चोर आहे. आता पळून दाखवू दे."

बैठकीत अध्यक्षांनी चष्मा वर केला, खाली केला आणि थेट त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?" केमिस्टला जे दोन पत्रांत जमलं नव्हतं, ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. पाच मिनिटांत ठराव झाला. साहेबांनी "आमच्या बाई" असा उल्लेख केला, तोही सर्वांसमक्ष, आणि बाई परतल्या त्या वरात मागे असल्यासारख्या.

दुसऱ्या दिवसापासून टाकी अठरा दिवस बंद राहिली. बाई राहायच्या त्या इमारतीला त्याच टाकीचं पाणी येत होतं, म्हणजे अठरा दिवस बाईंचाही नळ कोरडा.