स्वतः काही न बोलणारं रडार

नाना गेल्याचं मला कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. हार घातलेला फोटो आणि खाली ‘रडारमहर्षी’. ज्या प्राचार्यांनी त्याच्या प्रयोगशाळेला कुलूप ठोकलं, त्यांनीच ही पदवी बहाल केली होती. माणूस गेला की आमच्याकडे पदव्या स्वस्त होतात...

धुळ्याच्या कॉलेजात तो इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा, मी ग्रंथपाल. त्याचं रडार स्वतः काहीच सोडत नसे. मोबाइलच्या टॉवरमधून लहरी निघतच असतात. त्या गाडीवर, ड्रोनवर आपटून परततात, तेवढ्या हे यंत्र ऐकायचं. एक अँटेना टॉवरकडे, दुसरी रस्त्याकडे, आणि दोन्हींची तुलना करून पडद्यावर सरकणारी रेघ. “दुसऱ्याच्या उजेडात बघायचं, भाऊ. आपला कंदील लावायचाच नाही,” तो म्हणायचा. प्राचार्यांना मात्र न फिरणारं रडार पटेना. उद्घाटनासाठी त्यांनी शेजारी एक फिरती छत्री बसवून घेतली, वर लाल दिवा.

पाहुणे मोठे, म्हणून ताफ्यात मोबाइलच्या लहरी दाबून टाकणारी जॅमरची गाडी. नानाने आठवडाभर आधी लेखी कळवलं होतं, जॅमर नको, यंत्राला काही ऐकू येणार नाही. कागद कुणी वाचला नाही. सगळे मंडपाचा रंग ठरवण्यात गर्क. गाडी नेमकी प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून उभी राहिली आणि पडद्यावर नुसता गोंधळ उठला. “काय सर, तुमच्या रडारला मोतीबिंदू झाला का?” पाहुणे म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो... छत्री तेवढी ऐटीत फिरत होती.

नानाला एकच हवं होतं, जॅमरशिवाय पुन्हा एक चाचणी. त्याने अर्ज लिहिला, गाडी कुठे उभी होती ते लिहिलं आणि साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. ती गाडी मी ग्रंथालयाच्या खिडकीतून पाहिली होती.

“माझ्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत रे नाना,” मी म्हणालो.

“म्हणजे माझं यंत्र खोटं?” त्याने विचारलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

अर्ज फेटाळला गेला. प्रयोगशाळेचं अतिथिगृह झालं. तिथे आता एसी आहे. प्राचार्यांवर चिडणं सोपं आहे, ते मी रोज करतो. ते करून झालं तरी राग उरतो, आणि तो कुणावरचा आहे हे मला चांगलं ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर नानाने जळगावला, मेहरूण तलावाजवळच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत सगळं पुन्हा जोडलं. परवा वहिनींना भेटायला गेलो. “भाऊ, वर बठ्ठं चालूच शे,” त्या म्हणाल्या. “माले बंद करवत नही.”

वर गेलो. सगळं खरंच चालू होतं, टेबलावर वही उघडी होती. पडद्यावर रेघ दिसली की नाना कठड्याशी जाऊन रस्त्यावर खरोखर काय आहे ते डोळ्यांनी पाहायचा आणि वेळ टाकून लिहायचा. ‘रिक्षा. खरी.’ ‘ट्रॅक्टर. खरा.’ पानंच्या पानं... आणि साक्षीला कुणीच नाही.

मी बसून राहिलो. थोड्या वेळाने एक रेघ सरकली. उठून कठड्याशी गेलो. तलावाच्या रस्त्याने केळीने भरलेला टेम्पो चालला होता. आत आलो, वेळ टाकली, लिहिलं, ‘टेम्पो. खरा.’ आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली.