दोरीपुढची परीक्षा

माझ्या मूर्खपणाचा हा किस्सा मी सहसा सांगत नाही, पण चहा पाजताय तर ऐका बापडे.

'भडका' हा आमच्या बुऱ्हाणपूरचा रॉक बँड. आम्ही त्याचे पक्के चाहते. काळे टी-शर्ट, घसा बसेपर्यंत ओरडणं, आणि एक कडक नियम. स्टेजसमोर दोरी बांधायची आणि तिच्या पुढे फक्त पक्क्यांनी उभं राहायचं. नवा माणूस आला की त्याला तीन सवाल. परीक्षक कोण? अस्मादिक! पेपर मिलमध्ये मला कुत्रं विचारत नाही, पण दोरीपाशी माझा रुबाब बघावा.

गेल्या हिवाळ्यात शाहपूरला कार्यक्रम होता. पांढऱ्या सदऱ्यातले एक काका दोरीपाशी आले.

"बेटा, पुढे जाऊ दे ना. मागून ड्रमवाला दिसत नाही."

"आधी सवाल, काका. पहिल्या अल्बममध्ये गाणी किती?"

"माहीत नाही."

"ड्रमवर चित्र कशाचं?"

"तेच तर बघायचं आहे, भाऊ."

पोरं हसली. मला चेव आला. "बरं, शेवटचा. हा बँड पहिल्यांदा कुठे वाजला?"

काकांचा चेहरा उजळला. "आमच्या गच्चीवर. तेलाचे तीन डबे बडवत. मीच फेकून दिले होते ते डबे."

"चूक. दापोऱ्याच्या जत्रेत. मागे व्हा."

काका मान हलवून मागे गेले. तुम्ही म्हणाल, गच्ची ऐकून तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता. डोकं असेल तर पडेल ना?

कार्यक्रमभर ड्रमर सारखा दोरीपुढच्या माणसांकडे बघत होता. मला वाटलं, ओळखलं गड्यानं आपल्याला. मी मूठ आणखी वर केली. शेवटी तो माईकपाशी आला.

"आज माझे बाबा पहिल्यांदा ऐकायला येणार होते. सात वर्षं आमची बोलचाल नव्हती. नाही आले."

म्हणजे ते गच्चीवाले काका! स्टेजमागे जाऊन मी त्याच्यापुढे हात जोडले.

"आले होते, दादा. मी नापास केलं त्यांना."

सगळं सांगितलं. डब्यांचं ऐकून तो तिथेच खाली बसला. "त्यांना आठवतं ते?" एवढंच म्हणाला आणि फोन लावला. काका तुकईथडच्या बसमध्ये बसले होते. बापलेक बराच वेळ बोलले. मधेच ड्रमरनं डोळे पुसले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यानं फोन माझ्या हातात दिला. मी माफी मागणार, तोच पलीकडून काका अजिजीनं म्हणाले, "भाऊ, ते तीन सवाल जवाबासकट लिहून पाठव ना. पुढच्या वेळी पाठ करून येतो."