आसरांची ओटी

चौथ्या महिन्यात वहिनीचं पोट पडलं, तेव्हा वडगाव रासाईच्या आमच्या घरी आठवडाभर बायका येत होत्या. कुणी मेलं की माणसं धीर द्यायला येतात. या तपास करायला येत होत्या. एकीनं पपईचा विषय काढला. दुसरी म्हणाली, मोटारसायकलवर शिरूरच्या दवाखान्यात गेली, मग कसं टिकंल. शेवटी माझ्या आईनं, म्हणजे वहिनीच्या सासूनं, निकाल लावून टाकला, "तिन्हीसांजेला नदीवर धुणं घेऊन गेलती. आसरांनी धरलं."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. भीमेच्या काठावर, शेतीच्या मोटारींच्या पाइपांशेजारी, शेंदूर लावलेले त्यांचे सात दगड आहेत. जिचं चुकलं तिनं खण-नारळानं त्यांची ओटी भरायची आणि माफी मागायची, असा रिवाज.

मी आरोग्याच्या मोहिमेत काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, भांडते. आमच्या पत्रकात स्वच्छ लिहिलंय की असं होतं तेव्हा बहुतेकदा गर्भच नीट धरलेला नसतो, आईच्या हातून काही घडलेलं नसतं. ते मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आई म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. आता भाजीला फोडणी दे."

अंगावरून जायचं थांबायच्या आत वहिनी कांदा काढायला रानात होती. सुतक नाही, दहावा नाही. रडायचं तर कुणाचं नाव घेऊन? कांद्याच्या घाईत आसरांची ओटीसुद्धा राहून गेली.

पुढं दौंडला, रेल्वे कॉलनीत, माझ्या धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण होतं. वहिनीनं तिच्यासाठी स्वतः हिरवं ब्लाऊज शिवून नेलं. ओटी भरायला सुरुवात झाली आणि बहिणीच्या सासूबाई कुणाकडंच न बघता म्हणाल्या, "जिचं पडलंय तिनं जरा मागं व्हा गं." तशी खोलीत एकच होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

"मागं का? लागण होते का त्याची?" मी विचारलं.

"पोरी, पत्रकं वाचून पोरं होत न्हाईत," त्या म्हणाल्या. बायका हसल्या.

मी पुढं बोलणार तोच वहिनीनं माझा दंड धरला. "राहू द्या ताई. मलाच भरायची न्हाई. उद्या तिला काय झालं तर तोंड कुठं लपवू?"

सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागलं. त्यांच्याशी निदान भांडता तरी येत होतं.

परतीच्या डेमू गाडीत आई पलीकडच्या बाकावर पेंगत होती. वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पपई न्हाईच खाल्ली मी. पन नदीवर गेले, गाडीवर बसले. आन् एकदा वैतागून म्हणाले, इतक्यात कशाला राहिलं. त्यानं ऐकलं आसंल. रागावून गेलं."

"वहिनी, तुमच्या हातून काहीच झालेलं नाही. ते वाढणारच नव्हतं."

ती खिडकीकडून माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "मंग पुढल्या टायमाला मी जपायचं काय?"

याचं उत्तर पत्रकात नाही. मला चीड येते ती याची, की बाईला दोष अंगाला चिकटवून घ्यावा लागतो, कारण दोषासोबत उपाय मिळतो. पपई टाळ, नदी टाळ, ओटी भर. आम्ही दोष काढून घेतो, त्याबरोबर उपायही जातो, आणि तिच्या हातात ठेवतो एक घडीचा कागद.

"ते मला सांगता येत नाही," मी म्हणाले. "तपासणी करायची, गोळ्या घ्यायच्या, तेवढंच. पण ते रागावून गेलं नाही."

"नक्की?"

"नक्की."

आमचं उतरायचं केडगाव येईपर्यंत ती तोंडाला पदर लावून बसली.

त्याच आठवड्यात आईनं खण-नारळ काढला. "चल, माफी मागून येऊ."

"चला आत्या," वहिनी म्हणाली. "पन माफी मी मागायची न्हाई. माझं चुकलेलं न्हाई."

"मंग ओटी कशापायी भरायची?"

"ते गेलं म्हणून."

आईनं माझ्याकडं रोखून पाहिलं, हे सगळं माझंच शिकवणं असल्यासारखं. मग चपला घातल्या.

माझा आसरांवर विश्वास नाही. तरी गेले. वहिनीनं दगडांपुढं खण ठेवला, नारळ ठेवला आणि पाण्याकडं तोंड करून मोठ्यानं रडली. पलीकडं धुणं आपटणाऱ्या बायकांचे हात थांबले. एकीनं साडी खाली ठेवून आईला विचारलं, "काय झालं वो?"

आई म्हणाली, "नातवंड गेलं माझं."