लग्नाला सुट्टी मिळाली नाही

आमच्याकडच्या लग्नात माईकवर एक माणूस बसवलेला असतो. त्याची टकळी सुरू झाली की अक्षता पडेपर्यंत थांबत नाही. आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं हुद्द्यासकट स्वागत करायचं, हे त्याचं काम. बायकोच्या माहेरी, खर्ड्याला, एका लग्नात त्याने माझं ‘कंपनीतले साहेब’ म्हणून स्वागत केलं होतं. मी नगरच्या एमआयडीसीत नट-बोल्ट तपासायचो. साहेब वगैरे कुणी नव्हतो. पण फेटा बांधून घेताना मी त्याची चूक दुरुस्त केली नाही. छाती फुगली होती ना.

पुढे कंपनीने आमची लाईनच बंद केली आणि आम्हाला कामावरून कमी केलं. मी मिरजगावला घरी आलो. आधी शिर्डीत जाऊन हार-प्रसाद विकायला बसलो. तिथे भक्तांच्या मागे मागे जाऊन ओरडावं लागतं, आणि माझा आवाजच फुटेना. दुपारपर्यंत फुलं माना टाकायची, मीही टाकायचो. मग हायवेला मोबाईलची कव्हरं विकली. एकदा कंपनीतला जुना सुपरवायझर समोर आला, तर मी गिऱ्हाईक असल्यासारखा स्वतःचीच कव्हरं उलटीपालटी करून बघत राहिलो. आता त्याचं हसू यायला हवं. येत नाही.

शेवटी एक जुना टेम्पो घेतला आणि थंड पाण्याचे जार पोचवायला लागलो. हा धंदा मात्र चालला. दुकानं, दवाखाने, दहावे, लग्नं, पाणी सगळ्यांनाच लागतं. अडचण एवढीच, की सासरकडच्यांना मी काही कळू दिलं नव्हतं. बायको म्हणायची, सांगून टाका, चोरी तर करत नाही आपण. मी म्हणायचो, झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसरीतल्या पोरीलाही बजावून ठेवलं होतं, मामाकडे कुणी विचारलं तर पप्पा कंपनीत आहेत म्हणायचं. पोर शहाणी, एकदा सांगितलेलं विसरत नाही.

बायकोच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा मी सुट्टी मिळत नाही असा निरोप धाडला. पत्रिका उघडूनसुद्धा पाहिली नाही. लग्न हा विषयच घरात निघू देत नव्हतो. बायको पोरीला घेऊन हळदीसाठी खर्ड्याला गेली. लग्न मुलीच्या दारातच असणार, असं मी धरून चाललो होतो.

लग्नाच्या दिवशीच एका केटररचा फोन आला, हायवेवरच्या लॉनवर जार टाक म्हणून. कुणाचं लग्न आहे ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पहिला जार खांद्यावर घेतला आणि माईकवरून खर्ड्याच्या पाहुण्यांचं स्वागत कानावर आलं. कमानीवरची नावं वाचली. लग्न मुलाकडे होतं.

माघारी फिरावं, तर पंगत बसायची वेळ झालेली. ऐन जेवणात पाणी नसलं तर तो केटरर मला पुन्हा दारात उभं करणार नव्हता. तोंडाला रुमाल बांधला आणि आत शिरलो. मी उगाच घाबरलो होतो. सख्खा मेव्हणा, एरवी दाजी-दाजी करत माझ्या ताटाभोवती फिरणारा, समोर आला, एक जार इकडं ठेव म्हणाला आणि निघून गेला. जारवाल्याच्या तोंडाकडे कोण बघतं? मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

बायकांच्या बाजूला जार मांडत होतो. तिथे एक म्हातारी बायकोला विचारत होती, जावई कसे आले नाहीत. त्याच वेळी बायकोची नजर माझ्यावर पडली. रुमालाने तिला काय फसवणार!

“सुट्टी न्हाई मिळाली त्यांना,” ती म्हणाली. खोटं बोलताना माणूस नजर चुकवतो. ती माझ्याकडे बघत बोलली.

तेवढ्यात पोर आली. अंगावर नवा परकर-पोलका, हातात ग्लास, बरोबर मामेबहिणी. माझं धाबं दणाणलं. आता ही पप्पा म्हणून ओरडणार आणि सगळा मांडव इकडे वळणार. मग वाटलं, ओरडू दे. सुटू तरी एकदाचे. मी खरंच वाट बघत उभा राहिलो.

तिने ग्लास पुढे केला.

“काका, पाणी द्या ना.”

मी तोटी फिरवली. लक्ष सगळं तिच्या तोंडाकडे, निम्मं पाणी तिच्या नव्या परकरावर सांडलं. ती रागावली नाही. बहिणी पुढे जाईपर्यंत थांबली, मग जारच्या आडून वाकली. पाढा बिनचूक म्हणून झाल्यावर बाईंकडे बघावं, तशी माझ्याकडे बघत हळूच म्हणाली,

“पप्पा, बरोबर बोलले ना मी?”

तिला शाबासकी हवी होती. मी रुमालाआडून म्हणालो, “व्हय बाळा, बरोबर.” ती खूश झाली आणि मामेबहिणींच्या मागे पळाली.